प्रवासाआधी आभाळाला विचारा

(कोकणचा किनारा, सह्याद्रीचा घाट आणि पूर्वेकडचे पठार हे तीन प्रदेश एकमेकांना लागून आहेत, पण त्यांची हवा वेगवेगळी आहे. प्रवाशाने कोणत्या ऋतूत कुठे जावे, केव्हा थांबावे आणि केव्हा मागे फिरावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टी जवळ आली की वर्गात सहलीच्या गोष्टी सुरू होतात. कोणी म्हणतो मुरूडला जाऊ, कोणी म्हणतो महाबळेश्वरला. पैसे किती लागतील, डब्यात काय घ्यायचे, खिडकीजवळ कोण बसेल, हे सगळे ठरते. एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. त्या दिवशी तिथली हवा कशी असेल?

हा प्रश्न मराठीत विचारायला तुम्हांला अवघड जाणार नाही. त्यातले बरेच शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ‘हवामान’ या शब्दात ‘हवा’ आहे. उर्दूत तुम्ही ‘मौसम’ म्हणता, मराठीत ‘मोसम’ म्हणतात. दोन्ही शब्द अरबी भाषेतील ‘मौसिम’ या शब्दापासून आले. पावसाळी वाऱ्यांना आपण ‘मोसमी वारे’ म्हणतो. इंग्रजीतील ‘मान्सून’ हा शब्दही त्याच घराण्यातला आहे. आपला शेतकरी ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ अशी दोन पिके घेतो. अरबीत ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू आणि ‘रबी’ म्हणजे वसंत ऋतू. ज्या ऋतूत पीक हाती येते, त्या ऋतूचे नाव पिकाला मिळाले.

हे शब्द या किनाऱ्यावर रुजले, त्यात समुद्रावरून येणाऱ्या प्रवाशांचा मोठा वाटा आहे. रायगड जिल्ह्यातील चौल हे जुने बंदर आहे. दहाव्या शतकात अल् मसूदी हा अरब प्रवासी तिथे येऊन गेला. त्या काळी जहाजांना शिडे असत. वारा नेईल तिकडे जहाज जाई. म्हणून नाविकांना वाऱ्याचे वेळापत्रक तोंडपाठ असे. नैर्ऋत्येचा वारा अरबस्तानाकडून आपल्या किनाऱ्याकडे वाहतो, पण जून-जुलैत तो फार उग्र असतो. शहाणे नाविक त्याचा जोर ओसरू लागला की इकडे येत आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुरू झाला की परत जात. मधले महिने ते बंदरात थांबत. थांबणे हाही प्रवासाचाच भाग आहे, हे त्यांना ठाऊक होते.

एका दिवसाची वाट

आता नकाशा समोर घ्या. आपण कागदावर एक प्रवास करू. रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावरून निघू. तेथून महाड, मग पोलादपूर. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येते. तेथून पाचगणी, वाई, सातारा असे उतरत पूर्वेला जाऊ आणि माण तालुक्यातील दहिवडीला मुक्काम करू. ही वाट सुमारे तीनशे किलोमीटरची आहे. गाडीने ती एका दिवसात होते.

या एका दिवसात पाऊस कसा बदलतो पाहा. मुरूड-महाडच्या बाजूला वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला तो साडेपाच हजारांच्या वर जातो. तेथून वाई केवळ ३२ किलोमीटरवर आहे, पण तिथला पाऊस हजाराच्या आत येतो. माण तालुक्यात तर तो पाचशेच्या आसपास असतो. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आता हिशेब करा. महाबळेश्वरच्या तेवढ्याच जागेवर साडेपाच हजार लिटर पाणी पडते आणि माणमध्ये पाचशे लिटर!

असे का होते? याचे उत्तर तुम्ही भूगोलाच्या तासाला उर्दूत शिकला असाल. मराठीत ते असे सांगतात : समुद्रावरून येणारे वारे बाष्पाने भरलेले असतात. सह्याद्री त्यांची वाट अडवतो. वारे डोंगर चढू लागतात. वर जाता जाता हवा थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि पाऊस कोसळतो. याला ‘प्रतिरोध पर्जन्य’ म्हणतात. डोंगर ओलांडून वारे खाली उतरतात, तेव्हा त्यांच्यात बाष्प थोडे उरलेले असते. खाली येताना हवा पुन्हा तापते. म्हणून पूर्वेकडे पाऊस कमी पडतो. त्या भागाला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असे म्हणतात. झाडाची सावली असते, तशी ही पावसाची सावली!

उन्हाळा

मार्च ते मे हा उन्हाळा. मुरूडला तापमापकात पारा तेहेतीस-चौतीस अंशांवर असतो. दहिवडीला तो चाळीसच्या जवळ जातो. तरी मुरूडला जीव अधिक कासावीस होतो. कारण किनाऱ्यावरील हवा दमट असते. घाम येतो, पण वाळत नाही. दहिवडीकडे हवा कोरडी असते. तिथे घाम लगेच उडून जातो. शरीरातील पाणी कमी होत आहे, हे चटकन कळत नाही. म्हणून कोकणात सैल सुती कपडे घाला आणि पठारावर तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. डोक्याला टोपी किंवा रुमाल हवाच. दुपारी बारा ते चार या वेळेत उन्हात भटकू नका. कोणाला चक्कर आली, अंग तापून लाल झाले, बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्या, अंग ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच डॉक्टरांकडे पोहोचवा.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. म्हणजे तिथे किती अंशांचा फरक पडेल, तो तुम्हीच काढा. एप्रिल-मे महिन्यांत तिथे गर्दी का होते, हे लगेच कळेल. याच दिवसांत घाटात करवंदे व जांभळे मिळतात आणि कोकणात हापूस आंबा.

मे महिन्यात दुपारनंतर अचानक ढग दाटून येतात, वारा सुटतो, विजा कडाडतात. हा वळवाचा पाऊस. अशा वेळी झाडाखाली उभे राहू नका. वीज उंच वस्तूवर पडते. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत थांबा. परतीच्या पावसातही, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, हाच धोका असतो.

पावसाळा

मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास येतो. मुंबईला तो साधारणपणे ११ जूनला पोहोचतो. पण ही सरासरी आहे, पावसाने दिलेले वचन नव्हे. २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. म्हणून ‘अजून जून लागला नाही’ असे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

आपल्या सणांचेही असेच आहे. हिजरी वर्ष सूर्यवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. २०१६ साली ईद-उल-फित्र ७ जुलैला, भर पावसाळ्यात आली होती. २०२५ साली ती ३१ मार्चला, उन्हाळ्यात आली. ईदच्या दुसऱ्या दिवशी अनेक कुटुंबे समुद्रावर फिरायला जातात. ‘मागे ईदला गेलो होतो, तेव्हा समुद्र किती शांत होता!’ असे घरातील कोणी म्हणाले, तर ती ईद कोणत्या महिन्यात होती, ते आधी विचारा.

पावसाळ्यात कोकण हिरवेगार होते. भातलावणी सुरू असते. डोंगरातून पांढरेशुभ्र धबधबे कोसळतात. हे सौंदर्य पाहावेसे वाटणे साहजिक आहे. पण या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते. मुरूडच्या जंजिरा किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद ठेवतात. ज्यांचे पोट समुद्रावर चालते, ते कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. मग पोहण्याची मौज म्हणून आपण त्या पाण्यात उतरावे का?

रेल्वेसुद्धा ऋतू पाहून चालते. कोकण रेल्वेचे पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक असते. गाड्या सावकाश धावतात, कारण रुळावर दरड येण्याचा संभव असतो. महाबळेश्वरला लोक घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधतात. दाट धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही. पूर्वेला वाईला उतरावे, तर ऊन-पावसाचा खेळ चालू असतो. आणि माणमध्ये? तिथला शेतकरी त्याच दिवशी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो.

पाऊस तिथे, पूर इथे

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती नीट लक्षात ठेवा.

आपल्या डोक्यावर पाऊस नाही, म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असे नसते. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून पश्चिमेला समुद्राकडे जाते. डोंगरावर पडलेले पाणी थोड्याच वेळात खाली येते. महाडमध्ये ऊन असेल. पण वर मुसळधार पाऊस चालू असेल, तर नदी फुगते. त्याच वेळी समुद्राला भरती असेल, तर पुराचे पाणी लवकर ओसरत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला असाच मोठा पूर आला होता. महाडजवळचा जुना दगडी पूल अंधारात कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि काही इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. पुढच्या वर्षी तिथे नवा पूल झाला; पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगराची दरड कोसळली. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे सहाशे मिलीमीटर पाऊस झाला. माण तालुक्यात वर्षभरात पडत नाही, एवढा पाऊस एका दिवसात! १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वाडी झोपेत होती.

आपल्या वाटेच्या उत्तरेला, याच सह्याद्रीत, लोणावळा आहे. ३० जून २०२४ हा रविवार होता. तिथे भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एक कुटुंब भिजण्याचा आनंद घेत होते. पाणी एकाएकी वाढले. मोठी माणसे आणि मुले एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाच्या मध्ये उभी राहिली. काठावर पुष्कळ माणसे होती, पण कोणाला काही करता आले नाही. त्या कुटुंबातील पाच जणांचा मृत्यू झाला. ती तुमच्या-आमच्यासारखीच सुट्टीला गेलेली माणसे होती. त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. तुम्ही सावध व्हावे, म्हणून सांगतो.

धबधब्याचे किंवा ओढ्याचे पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, वरून घरघर ऐकू आली, तर वर पाऊस वाढला आहे असे समजा. चप्पल, पिशवी, मोबाइल काहीही राहू द्या आणि ताबडतोब काठावर या. रस्त्यावरून पाणी वाहत असेल, तर गाडी त्यात घालू नका. पाणी गुडघ्याएवढे दिसते, पण त्याची ओढ दिसत नाही.

एकाच शहरात सुद्धा पाऊस सारखा नसतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ मिलीमीटर झाला. कुलाब्याहून उपनगरातील घराकडे निघालेल्या माणसाला पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना कशी येणार?

हिवाळा

पावसाळा सरता सरता, ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, साताऱ्याजवळच्या कास पठारावर रानफुलांचे गालिचे पसरतात. ऑक्टोबरात काही दिवस पुन्हा उकाडा होतो. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्रवासाला सर्वांत चांगला काळ. मुरूडला एखादी शाल पुरते, कारण समुद्र रात्री हवेला फार थंड होऊ देत नाही. महाबळेश्वरला मात्र स्वेटर, कानटोपी घ्या. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात. स्ट्रॉबेरीही याच मोसमात मिळते. दहिवडीला दुपारी ऊन आणि पहाटे हुडहुडी! समुद्रापासून दूर गेले की दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक वाढतो.

हिवाळ्यात समुद्र शांत दिसतो. पण भरती-ओहोटी बाराही महिने चालू असते. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते. म्हणून पाण्याजवळ जाण्यापूर्वी तिथल्या एखाद्या कोळ्याला विचारा, “काका, आज पाणी कसे आहे? ओहोटी केव्हा आहे?” तो “नको” म्हणाला, तर वाद घालू नका. तुम्ही एका दिवसाचे पाहुणे आहात. तो रोज समुद्राबरोबर राहतो.

निघण्यापूर्वी

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. हा विभाग रोज अंदाज देतो. रेडिओवर, दूरदर्शनवर, वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर तो मिळतो. प्रत्येक जिल्ह्यासाठी रंगाने इशारा दिलेला असतो. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे प्रवास टाळा, सुरक्षित जागी राहा. फक्त आपल्या गावाचा इशारा पाहू नका. जिथे जायचे आहे तिथला, वाटेतील घाटाचा आणि नदीच्या उगमाकडचाही पाहा. घाट चालू आहे का, हे एस.टी. आगारात विचारा. कुठे जातो आणि केव्हा परत येणार, हे घरी सांगून ठेवा. संकटात ११२ या क्रमांकावर फोन करा.

कधी कधी सगळी तयारी होते आणि नेमका त्याच सकाळी लाल इशारा येतो. डबे भरलेले असतात. मित्र म्हणतात, “भितोस काय? चल!” अशा वेळी “आज नको, पुढच्या महिन्यात जाऊ” असे म्हणायला धाडस लागते. हे धाडस तुम्ही दाखवा. धबधबा पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. आपण असायला हवे.

आपला कागदावरचा प्रवास दहिवडीला संपला. या माणदेशातील अनेक धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघतात, घाट उतरतात आणि कोकणात जातात. पाऊस सुरू होण्याआधी ते पुन्हा पठारावर परततात, कारण कोकणच्या पावसात मेंढरे टिकत नाहीत. ते आभाळ पाहून निघतात आणि आभाळ पाहूनच परततात. चौलला येणारा अरब नाविक शिडाखाली उभा राहून हेच करत होता. दोघांची भाषा वेगळी, वाट वेगळी. पण शहाणपण एकच. मित्रांनो, तुमची वाट कोणतीही असो, निघण्यापूर्वी एकदा आभाळाला विचारा.

शब्दार्थ

बाष्प – पाण्याची वाफ
दमट – ओलसर
कासावीस होणे – अस्वस्थ होणे, जीव घाबरणे
वळीव – पावसाळ्यापूर्वी अचानक येणारा पाऊस
निर्धास्त – न घाबरता, बेफिकीर
झडी – पावसाच्या माऱ्यापासून भिंत वाचवण्यासाठी बांधलेले आडोसे
दरड – डोंगराचा सुटून पडणारा भाग
गढूळ – मातीने मळलेले (पाणी)
आगार – एस.टी. गाड्या जिथून सुटतात ते ठिकाण

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘मोसम’ हा शब्द कोणत्या भाषेतून आला?
(आ) सावित्री नदी कोठे उगम पावते?
(इ) लाल इशाऱ्याचा अर्थ काय?

प्र. २. कारणे सांगा.
(अ) माण तालुक्यात पाऊस कमी पडतो.
(आ) ईद वेगवेगळ्या ऋतूंत येते.
(इ) महाडमध्ये पाऊस नसतानाही पूर येऊ शकतो.

प्र. ३. धबधब्याचे पाणी वाढत आहे, हे कोणत्या खुणांवरून ओळखाल? चार-पाच वाक्यांत लिहा.

प्र. ४. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरतात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : आपल्या गावाचा आणि महाबळेश्वरचा हवामान अंदाज सलग सात दिवस वहीत लिहा. दोन्हींतील फरक वर्गात मराठीतून सांगा.